सिस्टर, ओव्हर द्या

"आजी, सोडू का गं नोकरी?" असं माझ्या नातीनं, मुक्तानं, मला विचारलं तेव्हा मी भेंडी चिरत होते. त्यानंतरच्या सगळ्या फोडी जाड झाल्या. आमच्या वारज्याच्या सोसायटीत माझी अशी ख्याती आहे की ही बाई न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर देते. पण त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाला मी गप्प बसले, कारण पोरीला या वाटेवर ढकलणारी मीच होते. देवापुढे रोज दिवा लावणारी मी, पण त्या संध्याकाळी दिवा लावताना पहिल्यांदाच मनात आलं, की बाळकृष्णा, मी हिचं भलं केलं की माझीच जुनी हौस हिच्या गळ्यात बांधली?

मुक्ता माझ्या मुलीची मुलगी. शिक्षणासाठी माझ्याकडे आली ती इथेच राहिली. तिचं पद काय आहे हे मला अजून एका दमात सांगता येत नाही. नर्स प्रॅक्टिशनर. म्हणजे आधी नर्सिंगची पदवी, मग दोन वर्षं वॉर्ड, मग आणखी दोन वर्षं अतिदक्षता विभागात अक्षरशः मुक्काम ठोकून केलेलं वरचं शिक्षण. पेशंट स्वतः तपासायचा, ठरवून दिलेल्या चौकटीत औषध कमी-जास्त करायचं, धोका दिसला तर डॉक्टर येईपर्यंत हात बांधून उभं राहायचं नाही. मला हे ऐकून फार कुतूहल वाटलं होतं. मी स्वतः छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. आमच्या वेळी पेशंटला काय झालंय हे सिस्टरनं ओळखलं, तरी ओळखलं नाही असं तोंड करून उभं राहायची पद्धत होती. ते तोंड मला छान जमायचं.

खराडीच्या बाजूला एका खाजगी हॉस्पिटलात तिला ही जागा मिळाली. हॉस्पिटलानं जागा काढली खरी, पण ती कुठे ठेवायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवीन फ्रीज आणावा आणि तो दारातच राहावा तसं. डॉक्टर तिला सिस्टर म्हणत, सिस्टर तिला "या डॉक्टरीणबाई" म्हणून टोमणे मारत, आणि नातेवाईकांना तिनं अर्धा तास समजावून सांगितलं की ते विचारत, "ते ठीक आहे हो, पण डॉक्टर कधी येणार?" आयसीयूचे पेशंट तिचे. एखादी सिस्टर रजेवर गेली की तिचेही बेड हिचेच. कॅज्युअल्टीत माणूस कमी पडलं की तिथंही हीच. घरी येऊन बुटांसकट सोफ्यावर झोपायची. झोपेतून उठून फोन करायची, "बेड सातचं पोटॅशियम आलं का?" राजीनाम्याचं पत्र फोनमध्ये लिहून तयार होतं. नुसतं बोट टेकवायचं बाकी होतं.

तिला तसं फोन करताना बघितलं की मला माझी बावीस वर्षांची मूर्ती आठवायची. काय तो थाट! टोपीला इतकी खळ, की मान वळवली तरी टोपी समोरच बघायची. खिशाला दोन पेनं. चालणं असं, की दवाखाना सरकारनं बांधला असेल पण खांब मीच धरून ठेवलाय. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला एकेका बेडपाशी उभी राहून सगळं सांगते, याला काय झालंय, काय दिलंय, काय द्यायचं राहिलंय. याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. ओव्हर दिली की जाणारीनं घरी जायचं असतं. मी जात नसे. दुपारी दोनला ओव्हर द्यायची आणि पाचला पुन्हा हजर, अकरा नंबरच्या सलाईनचे थेंब मोजायला! संध्याकाळच्या सिस्टरनं एकदा हात जोडले. "बाई, तुम्ही थेंब मोजता, मग मी काय इथे लोणचं घालायला येते का?"

याचा शेवट व्हायचा तोच झाला. सलग तीन पाळ्या केल्यानंतर एका सकाळी मी नऊ नंबरच्या पेशंटला मन लावून स्पंज केलं, ताप घेतला, नाडी मोजली, तक्त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. मागून आमच्या वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, पेशंट संडासला गेलाय. ह्यो त्याचा मेव्हणा हाय." मेव्हणा बिचारा घाबरून काही बोललाच नव्हता. त्याला वाटलं, इथे भेटायला येणाऱ्यांचंही करत असतील. मी रडायला लागले तशी मावशींनी मला स्टुलावर बसवलं, चहाचा कप हातात दिला आणि म्हणाल्या, "सिस्टर, ओव्हर द्या न् घरी जा. तुमच्यामागं बघणारा काय रजेवर हाय व्हय?" मला राग आला. खेड्यातली अडाणी बाई मला शिकवते म्हणून. त्याच वर्षी पुढच्या शिक्षणासाठी माझं नाव निघालं होतं. मी नाही म्हणाले, कारण मी गेले तर वॉर्ड बुडेल. वॉर्ड बुडाला नाही. मीच तेवढी शिकायची राहिले. म्हणून मुक्ताला शिकवायचं वेड घेतलं.

तर तिच्या त्या प्रश्नानंतर दोन दिवसांनी सकाळी मी बाळकृष्णाला कौल लावला. लग्नात आईनं अन्नपूर्णेबरोबर दिलेला पितळेचा रांगता बाळकृष्ण आहे तो, एका हातात लोणी. गावाकडे देवीला फूल लावून कौल घेतात, तसं मी त्याच्या डोक्यावर तुळशीचं पान ठेवलं. उजवीकडे पडलं तर मुक्तानं राहावं, डावीकडे पडलं तर सोडावं. पंखा सुरू आहे हे लक्षातच आलं नाही. पान हललं, घसरलं, आणि ना उजवीकडे ना डावीकडे, रांगणाऱ्या देवाच्या पाठीवर जाऊन चिकटलं. मी पंखा बंद करून पुन्हा ठेवलं. पुन्हा पाठीवर. म्हटलं, वा रे, मलाच पाठ दाखवतोस! चिडून पूजा उरकली.

आता एक कबुली. मुक्ता त्या दिवशी डबा विसरून गेली असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, ते खोटं आहे. तो मी मिक्सरच्या मागे लपवला होता. मला तिचं काम डोळ्यांनी बघायचं होतं. हे नर्स प्रॅक्टिशनर प्रकरण नक्की करतं काय, आणि माझ्या पोरीला छळतं कोण, हे मला बघायचं होतं. तशी बोलावणार कोण? म्हणून डबा घेऊन दहाच्या सुमाराला निघाले. वारजे ते खराडी म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं. महापालिकेपाशी बस बदलली. खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक बाई येऊन बसल्या. पन्नाशीच्या असाव्यात, हिरवं सुती लुगडं, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी. आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. मला त्यांच्या मेथीचा वास आठवतो, चेहरा नीटसा नाही.

येरवडा आलं तेव्हा मला घाम सुटला. बाहेर ढग होते, वारा होता. मी मनाशी म्हटलं, ॲसिडिटी. पुढे जबडा दुखायला लागला. म्हटलं, दाढ. मग पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध कुणी मूठ दाबून धरावी तसं व्हायला लागलं. म्हटलं, बसची सीट. छत्तीस वर्षं मी पेशंटांना दटावलं होतं की अशी लक्षणं दिसली तर अंगावर काढू नका. स्वतःची पाळी आली तेव्हा लक्षणं सगळी ओळखली आणि तेच जुनं तोंड केलं, न ओळखल्याचं. गुपचूप स्वतःची नाडी धरली. मोजता मोजता आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

तेवढ्यात शेजारच्या बाईंनी माझा हात हळूच माझ्या मनगटावरून काढला आणि आपला ठेवला. म्हणाल्या, "सिस्टर, ओव्हर द्या आता. मी बघते."

एवढंच. मी त्यांच्याकडे बघितलं. मी सिस्टर आहे हे माझ्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं. साधी साडी, चष्मा, डब्याची पिशवी. आणि तो शब्द तर दवाखान्याबाहेरच्या माणसाला माहीत असायचं कारणच नाही. पण त्या क्षणी मला आश्चर्य वाटलं नाही. खरं सांगते, इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खरीखुरी ओव्हर दिली. नुसती मान टेकवली.

मग सगळं त्यांनीच केलं. "ओ मास्तर, गाडी घ्या बाजूला, म्हातारीला बरं नाही." कंडक्टर म्हणाले, "अहो मावशी, स्टॉप पुढे आहे." "स्टॉप पुढं हाय, ही इथं हाय. घ्या म्हटलं ना." खराडीच्या अलीकडे बस थांबली. रिक्षात त्यांनी माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मी कसंबसं मुक्ताच्या हॉस्पिटलाचं नाव सांगितलं. तेच सगळ्यात जवळही होतं. रिक्षावाल्याला त्या एवढंच म्हणाल्या, "खड्डे चुकव, बाबा."

कॅज्युअल्टीच्या दारात मुक्ता उभी होती. तिथली एक जण रजेवर, म्हणून सकाळीच तिला आयसीयूतून तिकडे पळवलं होतं. ज्या पळवापळवीबद्दल ती चार महिने रडत होती, तिच्यामुळेच ती तिथे होती. मला बघून तिचा चेहरा पांढरा झाला. पण तेवढ्यापुरताच. पुढच्या क्षणी तो बदलला आणि मी जी बघायला आले होते ती मुक्ता मला दिसली. हात सरळ कामाला लागले. आवाज शांत. तरुण डॉक्टर आले, हृदयाचा आलेख काढला, बघितला, म्हणाले, "तसं ठळक काही दिसत नाही. आजी, गॅसेस होतात का?" मी लगेच होय म्हणाले. मुक्ता म्हणाली, "सर, एक मिनिट. पाठीवर लीड्स लावून आलेख परत काढू या. हिला पाठीत दुखतंय." मी म्हटलं, "मी कधी म्हटलं तसं?" ती म्हणाली, "आजी, गप्प. कुशीवर वळ."

पाठीवरून आलेख! त्या अवस्थेतही मला कुतूहल आवरेना. "अगं, आमच्या वेळी हृदय पुढेच असायचं." डॉक्टर हसले. मग कागद बाहेर आला आणि त्यांचं हसू थांबलं. हृदयाच्या मागच्या बाजूला अडलं होतं. पुढून बघणाऱ्याला ते सहजी कळत नाही. धावाधाव सुरू झाली, मोठ्या डॉक्टरांना फोन गेला.

त्यानंतर मुक्तानं जे केलं ते मी विसरणार नाही. तिनं एका सहकारी सिस्टरला बोलावलं आणि म्हणाली, "ही माझी आजी आहे. इथून पुढे मी हिची नर्स नाही. ओव्हर घे." आणि माझ्या उशापाशी उभी राहून तिनं ओव्हर दिली. "बेड तीन. स्त्री, वय त्र्याहत्तर. घाम, जबडा, फऱ्यांच्या मध्ये दुखणं, साधारण पाऊण तास. पहिला आलेख असा, पाठीवरून असा. हे दिलं, हे द्यायचंय. ॲलर्जी नाही." मग जरा थांबून, "पेशंट रिटायर्ड सिस्टर आहे. दुखणं लपवते. विचारलं तर ठीक आहे म्हणेल. विश्वास ठेवू नकोस." मी शेकडो ओव्हर दिल्या आणि घेतल्या, पण माझ्याबद्दल इतकं खरं कुणी कधी बोललं नव्हतं. एवढं सांगून ती दोन पावलं मागे सरकली, भिंतीला टेकली, आणि नात होऊन रडायला लागली. बावीस वर्षांच्या मला हे मागे सरकणं जमलं नसतं. मी स्वतःतल्या नातीला ढकलून आपणच सलाईन लावायला घेतलं असतं, आणि थेंब मोजत बसले असते.

अडलेल्या नळीत बारीकशी स्प्रिंग बसवली, मी बचावले. तिसऱ्या दिवशी खोलीत आणल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो पाठीचा. "तुला कसं कळलं गं? मी तर कुणाला बोलले नव्हते."

"तुझ्याबरोबरच्या बाईंनी सांगितलं ना. तुझ्या ओळखीच्या नव्हत्या का त्या? त्यांनी मला अख्खी ओव्हर दिली. घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे, तर बसथांब्यांनी सांगितली." मुक्तानं त्यांचा आवाज काढून दाखवला. "'येरवड्याला घाम सुटला. रामवाडीला जबडा चोळत होत्या. विमाननगरला पाठ सीटवर घासायला लागल्या. सांगत काही नव्हत्या, पर दुखत पाठीतच होतं.' आजी, आमच्याकडे शिकलेली माणसंसुद्धा इतकी नीट ओव्हर देत नाहीत."

मी चौकस बाई आहे. हिंडायला लागल्यावर आधी कॅज्युअल्टीच्या दारातल्या वॉचमनला गाठलं. त्यानं आणणाऱ्यांचं रजिस्टर उघडून दाखवलं. नावाच्या रकान्यात नुसता गिचमिडकाला. नात्याच्या रकान्यात मात्र स्वच्छ अक्षरात, "ओळखीची". मेथीची पिशवी घेऊन त्या निघून गेल्या होत्या. बरी झाल्यावर मी ती बस दहा-बारा वेळा केली, त्याच वेळेला. खिडकीत बसले, शेजारची जागा धरून ठेवली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्या दिसल्या नाहीत. मुक्ता म्हणते, कुठल्यातरी दवाखान्यात मावशी असतील, तू नाडी धरलीस त्यावरून ओळखलं असेल. असेलही. लेक नाहीतर सून सिस्टर असेल, म्हणून त्यांच्या तोंडी तो शब्द असेल. मी वाद घालत नाही. बाळकृष्णाच्या पाठीवर पान दोनदा का चिकटलं, तर तो रांगतो, पाठ वर असते, पान दुसरं जाणार कुठे? हेही मला समजतं. मी फक्त एवढंच विचारते, की डबा लपवला नसता तर त्या वेळी मी तिसऱ्या मजल्यावर एकटी, दाराला कडी लावून, ॲसिडिटीची गोळी चघळत बसले असते. ते लपवायचं मला सुचवलं कुणी?

आणि आमच्या वॉर्डातल्या मावशी. त्यांचं नाव सखू. मी त्यांची कधी माफी मागितली नाही. आज त्या शंभरीच्या पुढे असत्या.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मुक्ता माझ्या पलंगावर येऊन बसली. "मिक्सरच्या मागे तेलकट गोल डाग आहे, डब्याच्या आकाराचा," ती म्हणाली. मी डोळे मिटून घेतले, म्हटलं अशक्तपणा आहे. ती हसली. मग म्हणाली, "पत्र पाठवलं नाही मी."

"माझ्यासाठी?"

"फार चढून जाऊ नकोस. तुझ्यासाठी नाही." तिनं नर्सिंगच्या प्रमुख बाईंना दुसरं पत्र दिलं होतं. तिच्या पदाचं काम काय, ते त्यात लिहिलं होतं. आयसीयू नाहीतर कॅज्युअल्टी, एका पाळीत एकच. रजेवरच्या सिस्टरचे बेड नाहीत. पाळी संपली की फोन बंद. उत्तर आलं होतं, "बघू." त्यातलं एक त्यांनी तोंडी मान्य केलं, बाकीचं टांगलंय. "सहा महिने देते त्यांना. नाही ऐकलं तर दुसरीकडे जाईन. हे काम सोडणार नाही. त्या दिवशी आलेख बाहेर आला ना, तेव्हा कळलं मी कशाला शिकले ते."

माझ्या जिभेवर चार सल्ले आले. कुणाला भेट, कसं बोल, कशावर अडून बस. मी ते गिळले. गोळीपेक्षा कडू लागले. ओव्हर दिली म्हणजे दिली.

इतकी वर्षं मी समजत होते की देवावर सोपवणं म्हणजे सगळं आपणच करायचं आणि वर त्याचं नाव घ्यायचं. सोपवायला आधी खरं सांगावं लागतं, हे मला बेड तीनवर पडून कळलं. मी त्यालाही रोज सांगत होते, "सगळं ठीक आहे रे." जशी डॉक्टरांना गॅसेस म्हणाले तशी. आता संध्याकाळी दिवा लावला की मी बाळकृष्णापुढे उभी राहते आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ओव्हर देते. माझे गुडघे, माझी भीती, मला आलेला कुणाचा राग, न मागितलेली सखूमावशींची माफी, मेथीवाल्या बाईंचे आभार, जिथे असतील तिथे पोचव म्हणून. शेवटी मुक्ता. "कामावर आहे. दमते. रडते, पण उभी राहते. लक्ष असू दे." एवढं सांगून नमस्कार करते आणि स्वयंपाकघरात जाते.

दारापाशी पोचल्यावर एकदा मागे वळून बघते, दिवा नीट जळतोय का ते. जुनी खोड आहे, जाता जाईना. पण पाच वाजता थेंब मोजायला परत येत नाही.